प्रोसेसर बदलला की गेम पळेल का?

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलला तर त्याच्यावरचे गेम नीट चालतात का, हा विषय. हसा, पण ऐका. हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर लिहून आला होता, आणि त्याला २२ हजार रुपये लागणार होते.

झालं असं. आमच्या गटातल्या एक ताई लेकीला हाताशी घेऊन गावात कॉम्प्युटर सेंटर चालवतात. तीन मशीन आहेत. दिवसा ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म. संध्याकाळी आणि सुट्टीत पोरं तासाच्या हिशोबानं पैसे देऊन गेम खेळतात. एप्रिल-मे महिन्यांत तर अर्जांपेक्षा गेमचंच उत्पन्न जास्त. पण पोरं कुरकुर करायला लागली. "मावशी, गेम अडकतो," म्हणायची आणि अर्ध्या तासात उठून जायची. ताईंनी तालुक्याच्या दुकानात विचारलं. तिथं सांगितलं, तिन्ही मशीनचे प्रोसेसर जुने झालेत, बदलून टाका. दोन मशीनचे सहा-सहा हजार आणि तिसऱ्याचे दहा, मिळून २२ हजार.

त्याच बैठकीत दुसरा अर्ज होता. एका वहिनींच्या बोअरची मोटर जळली होती, त्यांना ९ हजार हवे होते. गटाकडे शिल्लक होती २८ हजार. बेरीज तुम्हीच करा. दोघींना पुरत नव्हतं. एकीला हो म्हटलं तर दुसरीला थांबावं लागणार होतं, आणि उभं पीक थांबत नसतं.

तेव्हा आम्ही ठरवलं की मोटरीचं आजच मंजूर करायचं, आणि सेंटरच्या अर्जावर आठ दिवसांनी निर्णय घ्यायचा. या आठ दिवसांत आम्ही चौघी सेंटरवर जाऊन बसायचं आणि प्रोसेसर बदलून खरंच फरक पडणार आहे का, ते बघायचं. म्हैस घेण्याआधी आपण धार काढून बघतोच ना? मग इथं नुसत्या शब्दावर पैसे का द्यायचे?

आधी आम्ही हे समजून घेतलं की गेम चालतो म्हणजे नेमकं काय होतं. ताईंच्या लेकीनं आम्हाला समजावलं. ते तुम्हालाही भाकरीच्या भाषेत सांगतो.

स्क्रीनवर जे हलताना दिसतं ती एकामागोमाग एक येणारी चित्रं असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० चित्रं आली तर गेम चालतो, ६० आली तर गुळगुळीत चालतो. १५-२० वर घसरली की डोळ्याला अडकल्यासारखं दिसतं. एकेक चित्र दोन हातांखालून जातं. पहिला हात प्रोसेसरचा. गाडी कुठं पोचली, कोण कुणाला धडकलं, पुढं काय दाखवायचं, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. दुसरा हात ग्राफिकचा. तो प्रोसेसरच्या हिशोबाप्रमाणे चित्र रंगवून स्क्रीनवर पाठवतो. काही मशीनमध्ये त्यासाठी वेगळं ग्राफिक कार्ड असतं, काहींमध्ये प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक असतं.

आता चुलीजवळ या. एक जण भाकरी थापते, दुसरी तव्यावर भाजते. थापायला २० सेकंद लागतात, भाजायला एक मिनिट. तर मिनिटाला किती भाकऱ्या निघतील? एकच. आता थापायला आणखी चपळ बाई आणली, ती १० सेकंदात थापते. तरी मिनिटाला एकच निघणार, कारण तवा एकच आहे. थापलेल्या भाकऱ्या परातीत पडून राहतील. इथं दुसरा तवा पाहिजे, दुसरी बाई नको. आणि उलटंही होतं. चार तवे तापलेत आणि थापणारी म्हातारी आजी एकटीच आहे, तर तवे रिकामे जळत राहतील. तिथं मात्र थापणारी बदललीच पाहिजे.

गेमचंही असंच आहे. समजा एका चित्राला प्रोसेसर सेकंदाच्या हजारातले १२ भाग घेतो आणि ग्राफिक २५ भाग घेतं. तर चित्रं निघणार २५ च्या हिशोबानं, म्हणजे हजार भागिले २५, सेकंदाला ४०. प्रोसेसर बदलून १२ चे ८ केले, तरी ४० च राहणार. ग्राफिक बदलून २५ चे १० केले, तर आता मागं पडणारा प्रोसेसर झाला, १२ वाला. हजार भागिले १२, म्हणजे सुमारे ८३ चित्रं. जो मागं आहे त्याच्यावर पैसा घातला तर फळ मिळतं. जो पुढं आहे त्याला अजून पळवलं तर पैसे वाया.

तेव्हा "प्रोसेसर बदलला की गेम पळेल का" याचं उत्तर एका शब्दात नाही. मागं कोण पडलंय, ते आधी शोधायचं. आणि ते शोधायला एक रुपयाही लागत नाही.

दोन चाचण्या आहेत. पहिली अशी. गेम चालू असताना कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स नावाच्या पानावर सीपीयू म्हणजे प्रोसेसर किती टक्के कामात आहे आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक किती टक्के कामात आहे, ते दिसतं. जीपीयू ९५ ते १०० टक्क्यांवर असेल तर तवा भरलेला आहे, थापणारीचा दोष नाही. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर आणि तरी गेम अडकत असेल, तर प्रोसेसरवर संशय घ्यायचा.

इथं एक खाचखळगा आहे. सीपीयूचा आकडा ४० टक्के दिसला म्हणजे प्रोसेसर निवांत आहे असं धरू नका. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ कोअर असतात. कोअर म्हणजे कामाला बसलेल्या बायका समजा. गेमचं मुख्य काम बहुतेक वेळा एकाच कोअरवर येतं, कारण एक भाकरी सहा जणींना मिळून थापता येत नाही. ती एकटी घामाघूम असते आणि बाकीच्या बसून असतात. सगळ्यांची सरासरी काढली की आकडा लहान दिसतो. म्हणून सीपीयूपेक्षा जीपीयूचा आकडा बघणं जास्त खात्रीचं.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करायचं, म्हणजे चित्र कमी बारकाव्यानं काढायला सांगायचं. १९२० बाय १०८० चं १२८० बाय ७२० केलं की रंगवायचे ठिपके पावणेएकवीस लाखांवरून सव्वानऊ लाखांच्या आसपास येतात, निम्म्याहूनही कमी. त्यानं ग्राफिकचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. आता बघायचं. चित्रांचा आकडा चांगला वाढला, तर मागं ग्राफिक होतं. आकडा हललाच नाही, तर मागं प्रोसेसर आहे. बहुतेक गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला किती चित्रं येतात ते कोपऱ्यात दाखवायची सोय असते.

आता आमच्या तीन मशीनचं काय निघालं ते ऐका. तिन्हींचं दुखणं वेगवेगळं होतं.

पहिलं मशीन ऑफिसातून निघालेलं, जुनं, छोट्या डब्याचं. इंटेलचा आय-५ ४५७०, म्हणजे चौथ्या पिढीचा प्रोसेसर. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. दुकानात सांगितलं होतं, याच्यात आय-७ ४७७० टाका. आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. जीपीयू ९८-१०० टक्के. रिझोल्यूशन कमी केलं, आकडा विशीतून पस्तिशीच्या पुढं गेला. म्हणजे तवा लहान. मग लेकीनं एक गोष्ट शोधली, ती ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. आय-५ ४५७० च्या पोटात जे ग्राफिक आहे, त्याचं नाव एचडी ४६००. आणि आय-७ ४७७० च्या पोटातही तेच, एचडी ४६००. वेगात किंचित फरक, बस. सहा हजार घालून तवा तोच राहणार होता.

त्या मशीनमध्ये ८ जीबी रॅमची एकच पट्टी होती. पोटातल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की दोन वाटांनी ये-जा होते, आणि असल्या मशीनला त्याचा फायदा मिळतो. आम्ही हजार रुपयांत दुसरी पट्टी घेतली. थोडा फरक पडला. पुरेसा नव्हता, म्हणून साडेचार हजारांत सेकंडहँड ग्राफिक कार्ड घेतलं, जीटी १०३०. तेच का? तर या छोट्या डब्यात बुटकं कार्डच बसतं, आणि त्याच्या पॉवर सप्लायला जादा भार झेपत नाही. हे कार्ड ३० वॅटवर चालतं. पण घेताना सावध राहा. जीटी १०३० या एकाच नावानं दोन कार्डं मिळतात, एकावर जीडीडीआर-५ मेमरी असते आणि एकावर डीडीआर-४. दुसरं गेमसाठी बरंच मंद आहे. खोक्यावर आणि बिलावर मेमरीचं नाव वाचून घ्या. आता या मशीनवर शर्यतीचा गेम पूर्ण रिझोल्यूशनवर पन्नाशीच्या आसपास चालतो.

दुसऱ्या मशीनमध्येही तोच आय-५, पण सोबत जुनं ग्राफिक कार्ड होतं. याची तऱ्हा वेगळी. पहिली पंधरा मिनिटं गेम छान चाले, मग रेंगाळायला लागे. पोरं म्हणायची, हे मशीन दमतं. आणि ते खरंच होतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. सुरुवातीला ३.४ होता, वीस मिनिटांनी दोनच्याही खाली आला. प्रोसेसर फार तापला, साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत गेला, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग तापत का होता? सेंटरच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या पत्र्यांवर पिठाचा थर बसलेला, गोधडीसारखा. आणि प्रोसेसर आणि पत्र्याच्या मध्ये जी थर्मल पेस्ट असते, ती वाळून खडू झालेली. लाइटचं बटण बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ केलं. नवी पेस्ट जाणकाराकडून लावून घेतली. सगळे मिळून पाचशे रुपये. तेच मशीन आता दोन तास चाललं तरी वेग उतरत नाही. इथं सहा हजारांचा नवा प्रोसेसर टाकला असता तर पंधरा दिवसांत त्याच्यावरही पीठ बसलं असतं. मशीनची जागाही बदलली, गिरणीच्या भिंतीपासून लांब.

तिसऱ्या मशीनवर मात्र प्रोसेसरचंच दुखणं निघालं. हे त्यातल्या त्यात नवं, एएमडीचा रायझन ३ १२०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. कॉलेजची पोरं याच्यावर काउंटर-स्ट्राइक २ खेळतात. एरवी चित्रं साठच्या पुढं असायची, पण चार-पाच खेळाडू समोरासमोर आले, धूर झाला, की आकडा पस्तीस-चाळीसवर आदळायचा. जीपीयू निम्माच कामात. रिझोल्यूशन कमी करून बघितलं, आकडा जागचा हलला नाही. तवे रिकामे आणि थापणारी दमलेली, असं हे उदाहरण.

काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट असे गेम, किंवा सिटीज स्कायलाइन्ससारखे शहर वसवायचे गेम, यांच्यात प्रोसेसरवर भार जास्त असतो. डोंगर-झाडी, पाणी, ऊन-सावली झगमगीत दाखवणाऱ्या गेममध्ये ग्राफिकवर जास्त. म्हणून तेच मशीन एका गेमला प्रोसेसर मागेल आणि दुसऱ्याला ग्राफिक मागेल. तुम्ही काय खेळता हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

या मशीनला आम्ही दहा हजारांचा रायझन ५ ५६०० मंजूर केला. जुना प्रोसेसर २०१७ चा, चार कोअरचा. नवा २०२२ चा, सहा कोअरचा. पण कोअर वाढले एवढ्यानंच वेग वाढला असं नाही. एकेक कोअर आधीपेक्षा बराच चपळ आहे, आणि प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली मेमरी, जिला कॅश म्हणतात, ती ८ एमबीची ३२ एमबी झाली. कॅश म्हणजे आपला मिसळणाचा डबा. हळद-तिखट-मोहरी हाताशी असली की फोडणी पटकन होते. दर वेळी उठून फडताळ उघडायचं, म्हणजे रॅममध्ये जायचं, तर वेळ जातो. आणि हार्डडिस्क म्हणजे माळ्यावरचं धान्याचं पिंप. गेमला हा मिसळणाचा डबा मोठा असणं मानवतं. २०२२ सालीच एएमडीनं ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर काढला, त्यात हा डबा ९६ एमबीचा केला, आणि गेमसाठी तो नावाजला गेला.

बदलल्यावर सरासरी आकडा वाढलाच, पण खरा फायदा झाला तो घसरणीत. गर्दीच्या क्षणी पस्तीसवर आदळणारा आकडा आता साठच्या खाली क्वचित जातो. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. एसटी सरासरी चाळीसच्या वेगानं जाते हे सांगून काय उपयोग, जर प्रत्येक चढाला बंद पडत असेल? प्रोसेसर बदलला की असे चढ सुधारतात. म्हणून चाचणी घेताना गेमच्या पहिल्या पडद्यावर आकडा बघू नका, गर्दीच्या ठिकाणी बघा.

आता प्रोसेसर बदलायचा ठरलाच, तर तो कुठल्याही मशीनमध्ये कुठलाही बसत नाही. तीन लिटरच्या कुकरची रिंग पाच लिटरला बसते का? प्रोसेसर ज्यात बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या चौथ्या पिढीचं सॉकेट ११५०, सहाव्या-सातव्या पिढीचं ११५१. आणि गंमत अशी की आठव्या पिढीच्या सॉकेटलाही ११५१ च म्हणतात, पण तो प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर चालत नाही. नाव एक, काम वेगळं. चौथ्या पिढीवरून पुढं जायचं तर मदरबोर्ड नवा, आणि जुनी डीडीआर-३ रॅम जाऊन बहुधा डीडीआर-४ घ्यावी लागते. मग खर्च सहा हजारांवर थांबत नाही. एएमडीचं एएम-४ सॉकेट मात्र २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५६०० पर्यंत तेच राहिलं. त्यामुळे आमच्या तिसऱ्या मशीनचा मदरबोर्ड वाचला. तरी मदरबोर्डच्या कंपनीच्या यादीत नव्या प्रोसेसरचं नाव आहे का, ते आधी बघितलं.

आणि एक. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून मदरबोर्डचं बायोस अपडेट करावं लागतं. ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यायचं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून यूपीएसवर लावून, भारनियमनाची वेळ टाळून हे काम केलं.

काही दुखणी अशी असतात की त्यांचा प्रोसेसरशी संबंध कमी आणि नाव मात्र प्रोसेसरचं होतं. गेम उघडायलाच पाच मिनिटं लागतात, मधे मधे नवा भाग येताना थबकतो, तर बघा, जुनी हार्डडिस्क आहे का. तिच्या जागी एसएसडी टाकली की तो त्रास बराच कमी होतो, आणि दिवसा फॉर्म भरतानाही मशीन चटकन उघडतं. खेळाडू पुढं जाऊन परत मागं येतो, गोळी मारलेली लागतच नाही, तर ते इंटरनेटचं दुखणं. गेममध्ये पिंग नावाचा आकडा असतो, तो मोठा असेल तर प्रोसेसर कितीही भारी टाका, फरक पडणार नाही. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवू शकतो. मशीन दोनशे चित्रं काढतंय म्हणून फुशारकी मारणाऱ्या पोराला हे विचारा.

चौथ्या पिढीच्या मशीनची एक मर्यादा सांगून ठेवतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं. म्हणजे आमच्या पहिल्या दोन मशीनमध्ये आय-७ टाकला असता तरी ही अडचण तशीच राहिली असती. म्हणून त्या मशीनवर आम्ही मोठा पैसा घातला नाही. ग्राफिक कार्ड उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येतं. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर तसा लावता येत नाही.

आता हिशोब. रॅम एक हजार, कार्ड साडेचार हजार, साफसफाई पाचशे, प्रोसेसर दहा हजार. एकूण १६ हजार. २२ मागितले होते. ९ हजार वहिनींच्या मोटरीला गेले. दोन्ही मिळून २५, आणि पेटीत ३ हजार शिल्लक राहिले. मोटरही वेळेवर बसली. हे भाव आमच्या वेळचे, तुम्ही विचाराल तेव्हा वेगळे असतील. पण चाचणीची रीत तीच राहील.

दुकानदारानं फसवलं असं आम्ही म्हणत नाही. गेम अडकतो म्हटलं की प्रोसेसर हेच नाव सगळ्यांच्या तोंडी येतं. त्यानं मशीन बघितलंही नव्हतं, ताईंनी तोंडी सांगितलं तेवढ्यावर त्यानं उत्तर दिलं. दुसऱ्यांदा आम्ही आकडे लिहिलेला कागद घेऊन गेलो. जीपीयू एवढा, रिझोल्यूशन कमी केल्यावर एवढा. तेव्हा तोच माणूस खुर्ची देऊन बोलायला लागला. "ताई, हे कुणी काढून दिलं?" म्हणाला. ताईंच्या लेकीनं सांगितलं, "आम्हीच."

कर्ज देताना गटानं एक अट घातली. दर शनिवारी चार ते सहा मशीन मुलींसाठी राखून ठेवायची. त्या गेम खेळोत नाहीतर टायपिंग शिकोत. आधी मुली सेंटरच्या दारातून वाकून बघायच्या आणि जायच्या. कर्ज गटाच्या बायकांच्या बचतीतून गेलंय, तर त्या खुर्चीवर त्यांच्या लेकींचाही वाटा पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं. ताईंनी आनंदानं मान्य केलं. हप्ता वेळेवर येतोय.

तुमच्याकडेही असा अर्ज येईल, नाहीतर घरात पोरगं हट्ट धरेल, "आई, प्रोसेसर बदलून दे." त्याला रागावू नका आणि लगेच पैसेही काढू नका. कागद-पेन घ्या आणि त्यालाच पाच गोष्टी लिहून आणायला सांगा. कोणता गेम खेळतोस? गर्दीच्या वेळी चित्रं किती येतात, आणि तेव्हा जीपीयू किती टक्के असतो? रिझोल्यूशन कमी केल्यावर आकडा किती वाढला? अर्ध्या तासानं प्रोसेसरचा वेग उतरतो का, आणि डबा शेवटचा कधी साफ केला? नवा प्रोसेसर याच मदरबोर्डवर बसतो, हे कुठं लिहिलंय ते दाखव. एवढं लिहून आणलं तर पोराचाही अभ्यास होईल. आणि ते "तुला काय कळतंय" म्हणालं, तर सांगा, मला थापणारी आणि तवा दोन्ही कळतात, तू आकडे आण.

सेकंडहँड वस्तू घेताना मात्र बिल घ्या. मशीनला लावून, गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. काही दिवसांत परत घ्यायची बोली बिलावर लिहून घ्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कुणाच्या घरी, शाळेत, सेंटरवर मशीन असेल तर दोघी-तिघी मिळून ती तीन बटणं दाबून बघा. काय दिसलं ते आपल्या रेडिओला पत्रानं कळवा, आम्ही वाचू.

येतो आम्ही. रामराम.